एका गाडीची पाच अ‍ॅव्हरेज

कोल्हापुरात कुणाच्या दारात नवी गाडी उभी राहिली की पहिला प्रश्न ठरलेला : "अ‍ॅव्हरेज किती देते?" पेट्रोल गाडी असेल तर उत्तर सोपं. गावात चौदा, हायवेला अठरा, विषय संपला. प्लग-इन हायब्रिड गाडीबद्दल मात्र हा प्रश्न एका आकड्यात सुटत नाही. गाडी तीच, चालवणारा तोच, पंपही तोच, तरी एका आठवड्यात लिटरला शंभर किलोमीटर पडतात आणि दुसऱ्या आठवड्यात सोळा. दोन्ही आकडे खरे असतात. त्यामुळे अशा गाडीची परीक्षा घ्यायची तर आधी ती घ्यायची कशी, हेच ठरवावं लागतं. युरोपातल्या सरकारांना ही गोष्ट फार उशिरा उमगली. आपल्याकडे या गाड्या अजून फारशा रस्त्यावर नाहीत, तोवरच ती समजून घेतलेली बरी.

तीन प्रकारचे हायब्रिड

शोरूममध्ये 'हायब्रिड' ही पाटी तीन वेगळ्या प्रकारच्या गाड्यांवर दिसते. पहिला प्रकार माइल्ड हायब्रिड. यात लहानशी मोटर इंजिनाला हातभार लावते, पण एकट्या विजेवर गाडी चालत नाही. दुसरा स्ट्राँग हायब्रिड. टोयोटाची हायरायडर आणि इनोव्हा हायक्रॉस, मारुतीची ग्रँड व्हिटारा, होंडाची सिटी ई:एचईव्ही या गाड्यांची काही मॉडेलं या प्रकारची आहेत. यात बॅटरी असते, थोडं अंतर विजेवर कापता येतं, पण तिला बाहेरून चार्जिंग नाही. तिच्यात साठणारी सगळी वीज शेवटी पेट्रोलमधूनच येते. ब्रेक मारताना एरवी उष्णता होऊन वाया जाणारी ऊर्जा पकडायची आणि इंजिनाला त्याच्या सोयीच्या वेगावर चालू द्यायचं, ही तिची कमाई.

तिसरा प्रकार प्लग-इन हायब्रिड. यातली बॅटरी मोठी, बहुधा दहा ते वीस युनिटची असते. घरच्या प्लगवर ती चार्ज होते, त्यावर पन्नास-साठ किलोमीटर निव्वळ विजेवर जाता येतं आणि बॅटरी उतरली की पेट्रोल इंजिन काम हाती घेतं. चीनच्या बीवायडीने २००८ साली अशी पहिली गाडी मोठ्या प्रमाणावर बनवायला घेतली. २०१० च्या अखेरीस अमेरिकेत शेव्हरोले व्होल्ट आली. भारतात आजवर हा प्रकार बहुतांशी व्होल्व्हो, बीएमडब्ल्यू, पोर्शे यांच्यासारख्या कंपन्यांच्या महागड्या गाड्यांपुरताच राहिला.

स्ट्राँग हायब्रिडच्या पोटात जाणारं इंधन एकच, पेट्रोल. प्लग-इनच्या पोटात दोन जातात आणि कुठलं किती जायचं हे मालकाच्या सवयीवर ठरतं. मोजमापाचा सगळा गुंता इथून सुरू होतो.

रोलरवरची वीस मिनिटं

जाहिरातीत गाडीच्या किमतीशेजारी 'एआरएआय प्रमाणित' असा मायलेजचा आकडा छापलेला असतो. एआरएआय म्हणजे ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया. १९६६ साली स्थापन झालेली ही संस्था पुण्यात कोथरूडला, वेताळ टेकडीच्या अंगाला आहे. तिथल्या प्रयोगशाळेत गाडी रोलरवर चढवतात. चाकं फिरतात, गाडी जागची हलत नाही. हवेचा आणि रस्त्याचा जेवढा विरोध गाडीला बाहेर झाला असता, तेवढा रोलर तिला करतो. चालक समोरच्या पडद्यावरच्या रेषेबरहुकूम वेग कमी-जास्त करत राहतो.

ही रेषा म्हणजे सुधारित भारतीय ड्रायव्हिंग सायकल. जुन्या युरोपीय चाचणीत आपल्या रस्त्यांसाठी बदल करून ती बनवली. एकूण १,१८० सेकंद, म्हणजे वीस मिनिटांना थोडी कमी. आधी गावातल्या गाडी चालवण्याची चार आवर्तनं, मग बाहेरच्या रस्त्याचा एक तुकडा. अंतर सुमारे साडेदहा किलोमीटर, सरासरी वेग ताशी तीसच्या थोडा वर आणि कमाल वेग ९०. जवळपास पाव वेळ गाडी जागेवर उभी असते. खोलीचं तापमान २० ते ३० अंशांच्या दरम्यान राखलेलं आणि एसी बंद.

पेट्रोल किती लागलं हे टाकीत काठी बुडवून बघत नाहीत. धुरांड्यातून येणारा वायू गोळा करतात, त्यातला कार्बन डायऑक्साइड, कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन मोजतात आणि कार्बनच्या हिशोबावरून जळालेलं पेट्रोल काढतात. एक लिटर पेट्रोल पूर्ण जळालं की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो. ही पद्धत अतिशय नेमकी आहे. एकाच नियमाने मोजलेल्या दोन पेट्रोल गाड्यांची तुलना करायला तिच्याइतकं भरवशाचं साधन नाही.

रस्त्यावर मात्र ती परिस्थिती मिळत नाही. पुणे-बेंगळुरू महामार्गावर कागलकडे निघालेली गाडी ९० वर थांबत नाही. वेग ८० वरून १०० वर नेला की हवेचा विरोध दीडपटीहून जास्त वाढतो. एप्रिलमध्ये एसी बंद ठेवून कुणी गाडी चालवत नाही. उसाच्या हंगामात ट्रॅक्टर-ट्रॉलीमागे गाडी दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये रांगते. ग्रँड व्हिटाराच्या स्ट्राँग हायब्रिडचा प्रमाणित आकडा लिटरला २७.९७ किलोमीटर आहे. रोजच्या वापरात बहुतेकांना त्याहून कमी पडतं, ते या सगळ्यामुळे. त्यात फसवणूक नाही. चाचणीतला रस्ता आणि आपला रस्ता वेगळे आहेत, एवढंच.

प्लग-इन हायब्रिडच्या बाबतीत मात्र ही तफावत वीस-पंचवीस टक्क्यांवर थांबत नाही.

युरोपला बसलेला धक्का

प्रयोगशाळेत प्लग-इन गाडीची चाचणी दोनदा होते. एकदा बॅटरी पूर्ण भरून आणि एकदा ती उतरल्यावर. पहिल्या वेळी पेट्रोल जवळपास शून्य, दुसऱ्या वेळी साध्या गाडीइतकं. आता या दोन आकड्यांचा एक आकडा करायचा तर दोघांचं प्रमाण किती धरायचं? त्यासाठी लोक गाडी किती वेळा चार्ज करतील याचा अंदाज लागतो.

जुन्या युरोपीय नियमात असं गृहीत धरलं होतं की बॅटरी संपल्यावर गाडी आणखी फक्त २५ किलोमीटर पेट्रोलवर जाईल आणि पुन्हा प्लगला लागेल. विजेवर ५० किलोमीटर जाणारी आणि नंतर लिटरला १६ देणारी गाडी घ्या. या नियमाने ७५ किलोमीटरला दीड लिटरच्या आसपास पेट्रोल लागेल, म्हणजे लिटरला ४८. अशी गाडी रात्री चार्जरला लागलीच नाही तर काय होईल, हा प्रश्न सूत्रात नव्हताच.

पुढे डब्ल्यूएलटीपी ही जास्त लांब आणि जास्त वेगाची चाचणी आली. तिच्यातही विजेवरच्या अंतराचा वाटा गृहीतच धरावा लागला. विजेवर ६० किलोमीटर जाणारी गाडी आपलं ८० टक्क्यांहून जास्त अंतर विजेवर कापेल, असं नियमाने मानलं. या कागदी आकड्यांवर करसवलती मिळाल्या. कंपन्यांनी अधिकाऱ्यांसाठी प्लग-इन गाड्या घेतल्या. पेट्रोलचं बिल कंपनी भरायची आणि घरच्या विजेचं बिल अधिकारी. साहजिकच गाड्या पंपावर जात राहिल्या. ब्रिटनमध्ये तर कंपन्यांच्या काही गाड्यांची चार्जिंग केबल वेष्टनातून बाहेरसुद्धा निघालेली नव्हती, अशा बातम्या २०१८ मध्ये आल्या.

खरा हिशोब लागला तो गाडीतच बसवलेल्या मोजणीयंत्रणेमुळे. २०२१ पासून युरोपात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या गाडीला आयुष्यभरात किती इंधन लागलं आणि किती अंतर कापलं याची नोंद स्वतःच ठेवावी लागते. प्लग-इन गाडीला तर प्लगमधून किती वीज घेतली हेही नोंदवावं लागतं. युरोपीय आयोगाने ही माहिती गोळा करून मार्च २०२४ मध्ये अहवाल दिला. पेट्रोल गाड्यांचा प्रत्यक्ष खर्च कागदापेक्षा सुमारे २४ टक्के जास्त निघाला, डिझेलचा १८ टक्के. प्लग-इन हायब्रिडचा निघाला साडेतीनपट. कागदावर लिटरला ५९ किलोमीटरच्या आसपास देणाऱ्या या गाड्या प्रत्यक्षात १७ च्या आसपास देत होत्या.

दोन कारणं होती. लोक गृहीत धरलं होतं त्यापेक्षा फार कमी वेळा गाडी चार्ज करत होते, हे एक. बॅटरी भरलेली असतानाही जोरात ओव्हरटेक करताना, चढावर किंवा कडाक्याच्या थंडीत इंजिन मध्येच सुरू होत होतं, हे दुसरं. त्यानंतर युरोपने गृहीतकच बदललं. त्याच ६० किलोमीटरच्या गाडीचा विजेचा वाटा २०२५ च्या नियमाने सुमारे ५४ टक्के धरला जातो आणि २०२७ च्या टप्प्यात तो सुमारे ३४ टक्क्यांवर येतो. गाडीत एक स्क्रूही बदललेला नाही. आधी माणसांबद्दलचा अंदाज चुकला होता, तो दुरुस्त झाला.

कोल्हापुरातून पाच फेऱ्या

आता तीच गाडी आपल्या रस्त्यांवर आणू. विजेवर ५० किलोमीटर, बॅटरी संपल्यावर लिटरला १६ किलोमीटर. आकडे हिशोबापुरते ठोकळ घेतले आहेत.

राजारामपुरीतून गोकुळ शिरगावच्या कारखान्यात जाऊन-येऊन २४ किलोमीटर धरा. रात्री गाडी चार्जरला लावली तर पेट्रोल लागतच नाही. पेट्रोलच्या भाषेत या गाडीला अ‍ॅव्हरेजच नाही, कारण भागायला लिटर नाहीत.

इचलकरंजीला जाऊन-येऊन साधारण ६० किलोमीटर. पन्नास विजेवर, दहा पेट्रोलवर. पेट्रोल सव्वासहाशे मिलिलिटर. लिटरला ९६.

सांगलीला जाऊन-येऊन शंभरेक किलोमीटर. पन्नास पेट्रोलवर, म्हणजे तीन लिटरला थोडं जास्त. लिटरला ३२.

पुण्याला एका बाजूने २३० किलोमीटर. १८० किलोमीटर पेट्रोलवर, सव्वाअकरा लिटर. लिटरला २० च्या थोडं वर.

आणि बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये प्लगच नसेल, तर कुठेही जा, लिटरला १६. मोठी बॅटरी आणि मोटर यांचं दोन-तीनशे किलोंचं ओझं मात्र रोज बरोबर.

एकाच गाडीची ही पाच अ‍ॅव्हरेज. यातला कुठला आकडा जाहिरातीत छापायचा?

वर्षाचा हिशोब मांडला की आणखी एक गोष्ट कळते. समजा, मालक वर्षातले ३०० दिवस गोकुळ शिरगावला जातो आणि महिन्यातून एकदा, कोल्हापूरहून निघताना चार्ज करून, पुण्याला जाऊन येतो. ३१२ पैकी ३०० दिवस पेट्रोलचा थेंब लागत नाही. त्यामुळे आपण पेट्रोल जवळपास सोडलंच, अशी त्याची समजूत होणार. प्रत्यक्षात एकूण १२,७२० किलोमीटरपैकी ४,९२० किलोमीटर पेट्रोलवर होतात, ३०७ लिटर जळतं आणि वर्षाचं अ‍ॅव्हरेज येतं ४१. पेट्रोल कुठे गेलं हे त्या बारा दिवसांत सापडतं. पुण्यातून परत निघताना गाडी पुन्हा चार्ज केली, तर वर्षाला ३७ लिटर पेट्रोल वाचून आकडा ४७ वर जातो. म्हणून आठवड्याभराची चाचणी प्लग-इन गाडीबद्दल काहीच सांगत नाही. त्या आठवड्यात पुण्याची फेरी होती की नव्हती, एवढंच ती सांगते.

पन्हाळ्याचा चढ, पन्हाळ्याचा उतार

हायब्रिड गाडीची गंमत घाटात कळते. शिवाजी पूल ओलांडून, केर्लीवरून वाघबीळ आणि तिथून पन्हाळा, हा कोल्हापूरकरांच्या पायाखालचा रस्ता. ३०० मीटरचा चढ धरून हिशोब करू. माणसांसकट १,६०० किलोची गाडी ३०० मीटर वर न्यायला १.३ युनिट ऊर्जा लागते. सपाट रस्त्यावर लागते ती वेगळी. पेट्रोल इंजिन पेट्रोलमधल्या ऊर्जेचा तिसरा हिस्साच चाकांपर्यंत पोचवतं, त्यामुळे नुसत्या या चढापायी जवळपास अर्धा लिटर पेट्रोल जादा जातं.

उतरताना ही ऊर्जा परत मिळायला हवी. साध्या गाडीत ती ब्रेकच्या उष्णतेत जाते, म्हणून घाटातून उतरलेल्या गाडीच्या चाकांशी जळका वास येतो. हायब्रिडमध्ये मोटर उलटी फिरून जनरेटर होते आणि बॅटरी भरते. टायर आणि हवा आपला वाटा घेतात, विजेच्या रूपांतरात थोडी जाते, तरी १.३ पैकी साधारण निम्मी, म्हणजे ०.६ ते ०.७ युनिट, हाती लागू शकते.

इथे बॅटरीचा आकार महत्त्वाचा ठरतो. ग्रँड व्हिटारा आणि हायरायडरच्या स्ट्राँग हायब्रिडमध्ये पाऊण युनिटच्या आसपासची बॅटरी असते आणि ती टिकावी म्हणून गाडी तिचा मधलाच भाग वापरते. त्यामुळे उतार संपायच्या आधीच बॅटरी भरते. पुढची ऊर्जा इंजिनाच्या ओढीत आणि ब्रेकमध्ये जाते. प्लग-इनच्या दहा-वीस युनिटच्या बॅटरीत तोच उतार सहज मावतो. मात्र पन्हाळ्यावरच्या हॉटेलात गाडी शंभर टक्के चार्ज करून उतरायला लागलात, तर तिच्यातही जागा नसते. घाटाच्या माथ्यावर मुक्काम असेल तर बॅटरी थोडी रिकामी ठेवून निघावं.

गगनबावड्याचा करूळ घाट, रत्नागिरीच्या वाटेवरचा आंबा घाट, आंबोली यांना हाच नियम लागू. कोल्हापूरहून कोकणात उतरताना कुठलीही हायब्रिड गाडी अफाट अ‍ॅव्हरेज दाखवते. ते बघून हरखू नये. परतीचा चढ धरल्याशिवाय तो आकडा अर्धाच आहे.

एसी आणि पंपावरचं पेट्रोल

एसीला सुमारे एक किलोवॉट लागतो असं धरू. महाद्वार रोड, बिंदू चौक, गंगावेश या गर्दीत सरासरी वेग ताशी २० असेल, तर शंभर किलोमीटरला पाच तास लागतील आणि एसीच पाच युनिट खाईल. गाडी चालवायलाच शंभर किलोमीटरला पंधरा-अठरा युनिट लागत असताना हा वाटा मोठा आहे. तोच एसी हायवेला ताशी ८० ने जाताना शंभर किलोमीटरला सव्वा युनिट घेतो. एसी खर्च तासावर मागतो, अंतरावर नाही. म्हणून उन्हाळ्यात गावातल्या गावात विजेवरचा पल्ला इतका आखडतो.

दुसरा घटक आपल्याच शिवारातून येतो. कोल्हापूर जिल्ह्यातल्या अनेक साखर कारखान्यांच्या डिस्टिलऱ्यांत इथेनॉल तयार होतं आणि आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत ते मिसळलेलं असतं. एक लिटर इथेनॉलमध्ये एक लिटर पेट्रोलच्या सुमारे दोनतृतीयांश ऊर्जा असते. म्हणजे वीस टक्के मिश्रणात लिटरमागे साडेसहा-सात टक्के ऊर्जा कमी. इथेनॉलचा ऑक्टेन जास्त असल्यामुळे ई-२० साठी जुळवलेलं इंजिन त्यातली बरीच तूट भरून काढतं. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यात अशा गाड्यांसाठी एक-दोन टक्के आणि जुन्या पेट्रोलसाठी बनवलेल्या चारचाकींसाठी सहा-सात टक्के घट धरली आहे. ऊस उत्पादकाला त्याचा फायदा आहेच. अ‍ॅव्हरेजची तुलना करताना मात्र दोन्ही वेळचं पेट्रोल एकाच मिश्रणाचं होतं का, हे बघावं लागतं.

घरच्या घरी चाचणी

हायब्रिड गाडीची खरी परीक्षा घ्यायला प्रयोगशाळा लागत नाही. वही लागते आणि शिस्त लागते.

सकाळी गार वेळी, एकाच पंपावर, शक्यतो त्याच नोझलवर टाकी भरावी आणि पहिल्या ऑटो-कटला थांबावं. गळ्यापर्यंत भरण्याच्या नादात लिटरभराचा फरक पडतो. किमान तीन-चारशे किलोमीटर चालवून पुन्हा तसंच भरावं. जाण्याइतकंच येणंही धरावं, म्हणजे चढ-उतार फिटतात. पावसाळ्यात पश्चिमेचा वारा जोरात असतो, जाऊन-येऊन मोजलं की त्याचाही परिणाम बराचसा फिटतो. टायरमधली हवा दोन्ही वेळा तपासावी. गाडीच्या किलोमीटरची पडताळणी एकदा जीपीएसवर करून घ्यावी. झिजलेल्या टायरचा घेर कमी होतो आणि मीटर थोडं जास्त अंतर दाखवतं.

याहून महत्त्वाची गोष्ट बॅटरीची. साखर कारखान्याच्या काट्यावर उसाची ट्रॉली आधी भरलेली तोलतात आणि मग रिकामी, तशी बॅटरी सुरुवातीला आणि शेवटी, दोन्ही वेळा नोंदवली पाहिजे. स्ट्राँग हायब्रिडची पूर्ण बॅटरी म्हणजे पाव लिटर पेट्रोलसुद्धा नाही. चारशे किलोमीटरच्या चाचणीत ती विसरली तरी चालेल, पण दहा किलोमीटरच्या फेरीत ती सगळा निकाल फिरवते. आपल्या उदाहरणातल्या प्लग-इनची भरलेली बॅटरी म्हणजे तीन लिटरहून जास्त पेट्रोल. ती न मोजता सांगितलेल्या अ‍ॅव्हरेजला काही अर्थ नाही.

म्हणून प्लग-इन गाडीच्या तीन वेगळ्या चाचण्या घ्याव्यात. बॅटरी पूर्ण भरून ती संपेपर्यंत, इंजिन सुरू होऊ न देता किती अंतर गेलं. तेवढ्या अंतरासाठी किती युनिट लागली. आणि बॅटरी उतरल्यावर निव्वळ पेट्रोलवर किती पडलं. युनिट मोजायची ती भिंतीवरच्या प्लगशी, वेगळा मीटर लावून. चार्जर आणि बॅटरीत दहा-पंधरा टक्के वीज उष्णता होऊन जाते. गाडीचा पडदा ती दाखवत नाही, महावितरणचं बिल दाखवतं.

एक सवय बदलावी. 'लिटरला किती किलोमीटर' ऐवजी 'शंभर किलोमीटरला किती लिटर' लिहावं. एका दिवशी ९६ आणि एका दिवशी १६ पडलं म्हणून सरासरी ५६ होत नाही. दोन्ही दिवशी अंतर सारखं असेल तर ती २७ च्या थोडी वर येते. लिटर आणि किलोमीटर वेगवेगळे बेरजेत घ्यावेत आणि भागाकार शेवटी एकदाच करावा.

पैशाचा आणि धुराचा हिशोब

वर्षाला १२,७२० किलोमीटरच्या त्याच मालकाकडे परत जाऊ. पेट्रोल लिटरला १०५ रुपये, वीज युनिटला १० रुपये आणि विजेवर शंभर किलोमीटरला १८ युनिट धरू. नियमित चार्ज केलेल्या प्लग-इनला वर्षाला सुमारे ४६,३०० रुपये लागतील. लिटरला २० देणाऱ्या स्ट्राँग हायब्रिडला ६६,८००. लिटरला १४ देणाऱ्या साध्या पेट्रोल गाडीला ९५,४००. आणि कधीच चार्ज न केलेल्या प्लग-इनला ८३,५००. म्हणजे चार्जिंगची सोय आणि सवय नसलेल्या माणसाने प्लग-इन घेतली, तर जास्त किंमत मोजून तो स्वस्तातल्या स्ट्राँग हायब्रिडपेक्षा जास्त पेट्रोल जाळेल.

धुराचा हिशोबही तितक्याच प्रामाणिकपणे मांडला पाहिजे. आपल्या ग्रिडवरच्या एका युनिटमागे आज सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड वातावरणात जातो, कारण बरीच वीज कोळशाची आहे. मालकाची १,४०० युनिट आणि ३०७ लिटर पेट्रोल मिळून सुमारे १,७०० किलो होतात. स्ट्राँग हायब्रिडच्या ६३६ लिटरचे १,४६० किलो. खनिज तेल काढण्या-शुद्ध करण्याचा वाटा धरला तर दोघे जवळपास बरोबरीत येतात. छतावर सौर पॅनेल असेल आणि त्याच विजेवर गाडी चार्ज होत असेल, तर प्लग-इन निम्म्याच्याही खाली जाते. गाडी किती स्वच्छ हे तिच्या प्लगमागे कुठली वीज आहे यावर ठरतं. दाट वस्तीत धूर न सोडता फिरण्याचा फायदा मात्र आजच्या विजेवरही खरा आहे. दसरा चौकात सिग्नलला उभ्या असलेल्या शाळकरी मुलांना तो मोलाचा आहे.

आकडा कुणाचा?

कोल्हापूरला या प्रश्नात दुहेरी रस आहे. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल इथल्या फाउंड्रीत वाहन उद्योगासाठी कास्टिंग ओतलं जातं आणि त्यात इंजिनाच्या भागांचा वाटा मोठा आहे. निव्वळ विजेच्या गाडीत इंजिन नसतं, हायब्रिडमध्ये असतं. इथल्या कामगाराच्या हाताला किती वर्षं काम राहणार, हे काही अंशी हायब्रिड किती चालतात यावर ठरेल.

धोरणंही याच आकड्यांवर उभी आहेत. कंपन्यांच्या सरासरी इंधनवापराच्या केंद्रीय नियमांत विजेची गाडी तीन गाड्यांबरोबर, प्लग-इन हायब्रिड अडीच आणि स्ट्राँग हायब्रिड दोन गाड्यांबरोबर मोजली जाते. उत्तर प्रदेशने जुलै २०२४ मध्ये स्ट्राँग आणि प्लग-इन हायब्रिडना नोंदणी करात माफी दिली. सवलत जनतेच्या पैशातून जाते. ती कागदी अ‍ॅव्हरेजवर द्यायची की रस्त्यावरच्या, हा हिशोब मागण्याचा आपल्याला हक्क आहे. कागदावर विसंबून युरोपला काय मोजावं लागलं ते समोर आहे. तिथली मोजणीयंत्रणा आपल्याकडे प्लग-इन गाड्या वाढण्याआधीच सक्तीची करता येईल.

तोवर निदान प्रत्येक प्लग-इन गाडीच्या काचेवर एका आकड्याऐवजी तीन छापले जावेत : विजेवर किती किलोमीटर, शंभर किलोमीटरला किती युनिट, आणि बॅटरी उतरल्यावर लिटरला किती. त्यात आपली रोजची फेरी घातली की ज्याचं त्याला उत्तर काढता येईल. कोल्हापूर-इचलकरंजीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतल्या मुलांनी मनावर घेतलं, तर गाडीच्या डायग्नोस्टिक पोर्टला जोडायच्या साध्या यंत्रावर आपल्या रस्त्यांची, आपल्या घाटांची, आपल्या हंगामातल्या गर्दीची ड्रायव्हिंग सायकल तयार होऊ शकते. शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पाला याहून उपयोगी विषय शोधून सापडणार नाही.

आणि गाडी घ्यायला निघालेल्याने सेल्समनला अ‍ॅव्हरेज विचारण्याआधी स्वतःला तीन गोष्टी विचाराव्यात. रात्री गाडी उभी राहते तिथे प्लग आहे का? रोजची फेरी विजेच्या पल्ल्यात बसते का? वर्षातून लांबचे प्रवास किती? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं 'हो' असतील आणि तिसऱ्याचं 'थोडे', तर प्लग-इन त्याच्यासाठी आहे. प्लगच नसेल तर स्ट्राँग हायब्रिड घ्यावी आणि वाचलेल्या पैशाचं समाधान मानावं.